फोटोत माळ कुठे आहे?

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी सकाळी नेहमीसारखा परंदवडीच्या माळावर गेलो, तर माळाचा एक कोपरा गायब होता. म्हणजे जमीन होती, पण सपाट. जेसीबीच्या दातांच्या खुणा, फक्कीच्या पांढऱ्या रेघा आणि रांगेत ठोकलेले सिमेंटचे बुटके खांब. शेजारी प्लास्टिकची खुर्ची टाकून एक सुपरवायझर बसला होता. गळ्यातला कॅमेरा बघून त्याला वाटलं मी प्लॉट बघायला आलोय. तो गैरसमज दूर झाल्यावर त्याने अगदी मनापासून विचारलं, "इथं फोटो काढण्यासारखं होतं तरी काय? नुसती झुडपं होती की हो!"

मी तोंड उघडलं आणि "फुलपाखरं होती, पक्षी होते" एवढंच बाहेर पडलं. "ती काय, कुठंबी असतात," तो म्हणाला आणि चहा प्यायला लागला.

घरी आल्यावर हट्टाला पेटून कॉम्प्युटर उघडला. सहा वर्षं त्या माळावर जातोय, चार हजारांच्या वर फोटो आहेत, तो कोपरा सापडणारच. दोन तास शोधलं. त्या कोपऱ्यात काढलेले फोटो ढिगाने मिळाले, पण कोपरा एकाही फोटोत मिळाला नाही. वेडा राघू काटकीवर बसलाय आणि मागे मऊ हिरवा रंग. फुलपाखरू फुलावर बसलंय आणि मागे मऊ पिवळा रंग. कळलावीचं फूल, मागे मऊ करडा रंग. हेच फोटो हिंजवडीतल्या एखाद्या कंपनीच्या बागेत काढलेत असं सांगितलं असतं तरी कुणाला शंका आली नसती. खरं म्हणजे, त्यातले काही तिथेच काढलेले असतील तर आता मलाही ओळखता येणार नाही!

तर मंडळी, आजचा लेख या दोन तासांतून निघालाय. माझं म्हणणं थोडक्यात असं: आपण हौशी लोक पक्षी-फुलपाखरांचे फोटो काढतो म्हणजे निसर्गाची ओळख करून घेतो असं आपण गृहीत धरतो, पण ज्या पद्धतीने आपण 'चांगला फोटो' काढायला शिकतो ती पद्धत नेमकी निसर्गच फोटोबाहेर काढते. आणि हे आपण बदलू शकतो. त्यासाठी नवी लेन्स लागत नाही.

ज्यांना परंदवडी माहीत नाही त्यांच्यासाठी: मावळातलं गाव. पुण्याहून जुन्या हायवेने निघालात की सोमाटणे फाट्याला डावीकडे वळायचं. लोकलने आलात तर बेगडेवाडी स्टेशन त्यातल्या त्यात जवळचं. जुना हायवे आणि एक्स्प्रेसवे दोन्ही जवळ असल्यामुळे वारा फिरेल तसा ट्रकचा आवाज येतो. इथे अभयारण्य नाही, व्ह्यू पॉइंट नाही, धबधबा तर नाहीच. लोणावळ्याला जाणारा पुणेकर या फाट्यावर फार तर टोलकडे बघतो. थोडी भातखाचरं, थोडा माळ, बांधावरची झाडं, आणि दर वर्षी थोडी जास्त घरं. माझ्यासारख्याला मात्र उत्तम, कारण सकाळी सहाला निघालं की नऊला घरी पोह्यांसाठी हजर.

आता त्या मऊ हिरव्या रंगाबद्दल. फोटोग्राफीचा पहिला धडा आपल्याला असा मिळतो: लेन्सचं तोंड पूर्ण उघडं ठेवा, पक्ष्यावर फोकस करा, मागचं सगळं धूसर होऊ द्या. याला 'बोके' असा जपानी शब्द आहे आणि त्यावर लोक तासन् तास वाद घालतात. मीही घातलेत. पार्श्वभूमी जितकी लोण्यासारखी तितका फोटो भारी. त्यासाठी मी काय काय केलंय! मध्ये येणारं गवताचं पातं वाकवलंय, शेजारची वाळकी शेंग तोडून टाकलीय. कारण ती 'डिस्टर्ब' करत होती.

ती शेंग बहुतेक खुळखुळ्याची होती. आणि ते फुलपाखरू त्या शेंगेसाठीच तिथे आलं होतं!

हे मला फार उशिरा कळलं. माळावर दिसणारं अगदी नेहमीचं फुलपाखरू म्हणजे प्लेन टायगर. पिवळट नारिंगी, पंखांच्या टोकाला काळा रंग आणि त्यात पांढरे ठिपके. याची अळी रुईच्या पानांवर वाढते. रुईचा चीक विषारी, तो अळी पचवते आणि पुढे फुलपाखराच्या अंगातही ते विष राहतं. म्हणून पक्षी याच्या नादाला लागत नाहीत आणि म्हणून हे महाशय निवांत, तरंगत उडतात. (म्हणून तर माझ्यासारख्याला फोटो मिळतो.) यातले नर खुळखुळ्याच्या वाळलेल्या भागांवर येऊन बसतात, तिथून मिळणाऱ्या रसायनांपासून मादीला आकर्षित करणारा गंध तयार करतात. म्हणजे मी जी शेंग तोडून फेकली, ती त्या बिचाऱ्याच्या लग्नाच्या तयारीतली होती.

पुढची गंमत तर अजून मोठी आहे. माझ्या 'प्लेन टायगर' नावाच्या फोल्डरमध्ये दीडशे फोटो होते. एका जाणत्या मित्राने ते चाळले आणि म्हणाला, "यातले अकरा प्लेन टायगर नाहीत." ती निघाली डॅनाइड एगफ्लाय नावाच्या दुसऱ्याच फुलपाखराची मादी. तिच्या अंगात विष वगैरे काही नाही. ती फक्त प्लेन टायगरचा वेष घेऊन फिरते, म्हणजे पक्षी फसतात. (पक्षी आणि मी.) फरक कुठे बघायचा? प्लेन टायगरच्या मागच्या पंखाच्या मध्यावर तीन-चार काळे ठिपके असतात, या सोंगाडी बाईंच्या पंखावर तशी ठिपक्यांची रांग नसते. आणि हिची अळी कशावर वाढते? घोळावर. हो, तीच घोळाची भाजी, जमिनीलगत पसरणारी. माझ्या फोटोंमध्ये घोळ होता तो असा!

आता त्या कोपऱ्यात काय होतं ते बघा. रुई, खुळखुळा, घोळ. तिन्ही 'तण'. तिन्ही कुणी मुद्दाम लावत नाही. तिन्ही 'साफसफाई'त पहिल्यांदा जातात. आणि या तिन्हींवर मिळून निदान दोन फुलपाखरांचा संसार उभा होता, तोही असा गुंतलेला की एक नाहीसं झालं तर दुसऱ्याच्या सोंगाला काही अर्थ उरत नाही. हे सगळं माझ्या फोटोत मागच्या मऊ हिरव्या रंगात विरघळलेलं आहे. सुपरवायझरने विचारलं "होतं तरी काय", तर याचं उत्तर हे होतं, आणि ते माझ्याकडे सहा वर्षं असूनही मला देता आलं नाही.

त्याला दोष देत नाही. 'नुसती झुडपं' हे काही त्याचं एकट्याचं मत नाही, ते सरकारी मतही आहे. सातबाऱ्यावर लागवडीला अयोग्य जमिनीची नोंद 'पोटखराबा' अशी होते. किती बोलका शब्द आहे! देशपातळीवर २००० साली पहिला 'वेस्टलँड अ‍ॅटलस' निघाला, त्यात आणि पुढच्या आवृत्त्यांत झुडपी माळाची जमीन पडीक या खात्यातच मोजली गेली. जंगल तोडलं की निदान बातमी येते, कारण जंगल होतं हे सगळ्यांना मान्य असतं. माळ सपाट केला की 'जमीन डेव्हलप झाली'. जिथे मुळात काही नव्हतंच, तिथलं काही गेलं असं कसं म्हणणार?

पण माळावर काही नव्हतं हे तिथे राहणाऱ्यांना विचारलंय का कुणी? पावसाळ्याच्या सुरुवातीला गावातल्या एक मावशी तिथे ओटीत टाकळा आणि कुर्डू खुडताना भेटतात. त्यांची दोन म्हसरं मागे चरत असतात. (यांची ओळख वेगळ्याच कारणाने झाली, ते पुढे येईल.) त्यांच्या दृष्टीने तो माळ म्हणजे महिनाभराची भाजी आणि वर्षभराचा चारा. मी त्यांना एकदा माझे फोटो दाखवले. फुलपाखराचं कौतुक केलं त्यांनी, पण लगेच म्हणाल्या, "पर हे कुठलं? वळखू येईना." जिथे त्या रोज जातात त्या जागेचा फोटो त्यांना ओळखू येत नव्हता. हा खरं तर माझ्या फोटोग्राफीवरचा सगळ्यात नेमका अभिप्राय होता. तेव्हा मी हसून सोडून दिला.

दुसरा मुद्दा पाटीचा. आमच्या घरी जुन्या अल्बममधल्या फोटोंच्या मागे बाबांच्या अक्षरात गाव, महिना आणि साल असायचं. छत्तीस फोटोंचा रोल, तो धुवून यायला आठवडा, मग प्रत्येक फोटो हातात घेऊन मागे लिहायचं. आता फोटो फुकट झाले आणि मागे लिहायला पाठच उरली नाही. पण कॅमेरा लिहितो ना सगळं फाइलमध्ये, असं मी इतरांना सांगायचो. तारीख, वेळ, लेन्स, सगळं. मोठ्या रुबाबात सांगायचो.

मग एकदा बघितलं तर माझा वेडा राघू रात्री साडेआठला उन्हात बसलेला! झालं असं होतं, की अमेरिकेतल्या ऑनसाइटहून परत आल्यावर मी कॅमेऱ्याचं घड्याळ बदललंच नव्हतं. दीड वर्षाचे सगळे फोटो साडेदहा तास मागे, म्हणजे सकाळी सातला काढलेला फोटो आदल्या दिवशीच्या रात्रीचा. टाइमझोनचे बग सोडवण्याचा पगार घेणाऱ्या माणसाकडून ही चूक! असो. फरक सगळीकडे सारखाच होता, त्यामुळे पंधरा ओळींच्या स्क्रिप्टने वेळ दुरुस्त झाली. पण जागेचं काय? माझ्या कॅमेऱ्यात जीपीएस नाही. फोनच्या फोटोंत असतं, पण फोटो म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला की ती माहिती गळून जाते. म्हणजे मित्राने 'हे बघ काय दिसलं' म्हणून पाठवलेला फोटो शेवटी नुसतं चित्रच.

पाटी एवढी महत्त्वाची कशी, याची एक गोष्ट आपल्याच महाराष्ट्रात घडलेली आहे. रानपिंगळा नावाचं छोटं घुबड. ह्यूम या पक्षीशास्त्रज्ञाने १८७३ साली त्याचं वर्णन केलं. १८८४ नंतर त्याचा खात्रीचा नमुना कुणाला मिळाला नाही. मात्र रिचर्ड मायनर्ट्झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याच्या संग्रहात एक नमुना होता, त्यावर पाटी होती: १९१४, मांडवी, गुजरात. साहजिकच लोक त्या पाटीच्या आधाराने शोध घेत राहिले आणि पिंगळा काही सापडला नाही. पुढे पामेला रासमुसेन या अमेरिकन संशोधिकेने संग्रहालयातले नमुने बारकाईने तपासले आणि उघडकीला आलं, की या गृहस्थाने दुसऱ्याचे जुने नमुने चोरून त्यांवर स्वतःच्या पाट्या लावल्या होत्या! खोटी पाटी बाजूला केली आणि जुन्या, खऱ्या पाट्यांवरच्या जागा धरून शोध घेतला. नोव्हेंबर १९९७ मध्ये रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांना रानपिंगळा दिसला, शहाद्याजवळ. तेव्हाचा धुळे जिल्हा, आताचा नंदुरबार. तब्बल ११३ वर्षांनी. एका खोट्या पाटीने लोकांना चुकीच्या जागी शोधायला लावलं, आणि शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी प्रामाणिकपणे लिहिलेल्या साध्या पाटीने योग्य जागी नेलं.

माझ्या चार हजार फोटोंवर खोटी पाटी नाही, पण शंभर वर्षांनी कुणाला त्यांचा उपयोग होईल अशी खरीही नाही.

"अरे पण रानपिंगळा दुर्मिळ होता. तुझ्या साळुंख्या आणि टिटव्यांच्या पाट्या कुणाला हव्यात?" हे मला एका मित्राने विचारलं. हा मित्र दर दोन महिन्यांनी नव्या पक्ष्यासाठी पाचशे किलोमीटर गाडी हाणतो, यादीत टिक करतो आणि रविवारी रात्री परत येतो. त्याची चेष्टा करत नाही, भरतपूरला मीही जाऊन आलोय. पण उत्तर असं आहे: २०२३ साली 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' हा अहवाल आला. ९४२ जातींचा आढावा. त्यातल्या ३३८ जातींबद्दल दीर्घकालीन कल सांगता येईल इतकी माहिती होती आणि त्यांतल्या ६० टक्के जाती घटलेल्या आढळल्या. घट झालेल्यांत नीलपंख आहे, म्हणजे ज्याला आपल्याकडे चास म्हणतात आणि ज्याचं दसऱ्याला दर्शन शुभ मानतात तो. हा काही दुर्मिळ पक्षी नव्हे, तारांवर बसलेला दिसायचा. आणि हे कशावरून कळलं? सुमारे ३० हजार पक्षीनिरीक्षकांनी 'ईबर्ड'वर टाकलेल्या नोंदींवरून. त्यात शास्त्रज्ञ थोडे, बाकी बँकवाले, शिक्षक, विद्यार्थी आणि आपल्यासारखे आयटीवाले. कुणीतरी कंटाळा न करता 'साळुंकी ६, कोतवाल २' असं लिहिलं म्हणून.

ईबर्डवर एक प्रश्न विचारतात, तो मला फार आवडतो: तुम्ही ओळखलेले सगळे पक्षी या यादीत आहेत का? 'हो' म्हटलं की यादीत नसलेला पक्षीही माहिती देतो, त्या दिवशी तिथे तो आढळला नाही ही माहिती. कॅमेऱ्याला हे जमत नाही. न दिसलेल्या पक्ष्याचा फोटो निघत नाही. म्हणून नुसत्या फोटोंच्या साठ्यावरून असं वाटतं, की माळावर रोज काहीतरी भारी असतं. प्रत्यक्षात निम्मे शनिवार मी हात हलवत परत येतो, आणि त्या शनिवारांचा माझ्याकडे पुरावाच नाही.

आता कुणी म्हणेल, आठवडाभर जिराची तिकिटं भरायची आणि शनिवारीही नोंदीच करायच्या? छंद आहे की ऑडिट? फोटो ही कलाही आहे, एक सुंदर फोटो बघून चार लोकांना पक्ष्यांची गोडी लागते, त्याचं मोल नाही का? आहे. अगदी आहे. मलाही गोडी लागली ती एका कॅलेंडरवरच्या खंड्याच्या फोटोने. धूसर पार्श्वभूमीचा फोटो काढूच नका असं मी म्हणत नाही. काढा, भिंतीवर लावा. पण तिथेच थांबू नका. कारण माझा अनुभव असा, की पाटी लिहायला लागल्यावर मजा कमी नाही झाली, वाढली. त्या अकरा एगफ्लाय सापडल्या तेव्हा झालेला आनंद कुठल्याही लाइकने दिलेला नाही. 'हे काय आहे, कुठे बसलंय, काय खातंय' हे लिहावं लागलं की बघावं लागतं. नाहीतर आपण फोकस झाल्याचा टिक ऐकतो आणि पुढे जातो.

आता त्या मावशींच्या ओळखीची गोष्ट. ती सांगायला मला लाज वाटते, पण तिच्याशिवाय हा लेख अर्धवट राहील.

चार वर्षांपूर्वीचा मे महिना. माळावर टिटवीची अंडी सापडली. टिटवी घरटं असं बांधत नाही, खड्यांमध्येच जमिनीवर अंडी घालते, खड्यांसारखीच दिसणारी. चार होती. मला आनंद मावेना. खाली झोपलो, लेन्स लावली, टिटवी परत येऊन अंड्यांवर बसण्याची वाट बघत. ती वरून घिरट्या घालत ओरडत होती आणि मी खूष, की व्वा, काय अ‍ॅक्शन आहे! अर्धा तास झाला असेल. साडेदहाचं ऊन. मागून आवाज आला, "ओ दादा, उठा की तिथनं. तिला बसू द्या. अंडी भाजत्याल ना उनानं!"

मला वाटत होतं पक्षी अंड्यांवर बसतात ते ऊब द्यायला. मेच्या उन्हात टिटवी बसते ती सावली द्यायला. पाण्यावर जाऊन पोटाची पिसं भिजवून येते आणि अंडी गार ठेवते. हे मी नंतर पुस्तकात वाचलं. मावशींनी पुस्तक न वाचता सांगितलं. पुढच्या शनिवारी गेलो तर तिथे काहीच नव्हतं. पिल्लं बाहेर पडायला जवळपास चार आठवडे लागतात. मी बघितली तेव्हा अंडी नेमकी किती दिवसांची होती हे मला माहीत नाही, त्यामुळे पिल्लं निघून गेली असं मनाची समजूत घालायला म्हणता येतं. मुंगसाने खाल्ली असतील, कावळ्याने नेली असतील. माणूस कुठे वाकून बघतोय यावर कावळ्यांचं चांगलं लक्ष असतं, हेही नंतरच वाचलं. उन्हाने गेली असतील. त्या टिटवीचे उडतानाचे फोटो माझ्याकडे आहेत, सुरेख आलेत. एकाला तर ऑफिसच्या स्पर्धेत बक्षीसही मिळालं होतं. पाटीवर मी लिहिलं होतं, 'आईचं प्रेम'.

खरी पाटी लिहायची तर 'माझ्यामुळे अंड्यांवर बसू न शकलेली टिटवी, सकाळी १०:३०' अशी लिहावी लागेल.

तेव्हापासून घरट्याच्या बाबतीत माझा एकच नियम आहे: दिसलं की मागे फिरायचं. लेन्स ६०० मिमीची असली तरी. पक्षी ओरडतोय, घिरट्या घालतोय, चोचीत किडा धरून नुसताच बसलाय, म्हणजे आपण चुकीच्या जागी उभे आहोत. मोबाइलवर त्याचा आवाज वाजवून त्याला झुडपातून बाहेर काढायचं हेही तसलंच. पावसाच्या तोंडावर वीण करायला आलेल्या नवरंगाला समोर प्रतिस्पर्धी आहे असं वाटतं आणि तो बिचारा फोटोसाठी नव्हे, भांडायला बाहेर येतो. प्रत्येक ग्रुपचे पाच लोक, रोज तीन ग्रुप, मग त्याने पिल्लांना भरवायचं कधी?

इथे माझ्या म्हणण्यात एक अडचण येते, ती लपवत नाही. एकीकडे मी म्हणतो जागेची पाटी लावा, दुसरीकडे नेमकी जागा जाहीर झाली की गर्दी येते. कासच्या पठाराचं आपण बघितलंच आहे. फुलांचे फोटो सगळीकडे गेले, २०१२ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत नाव गेलं आणि मग माणसांच्या संख्येवर मर्यादा आणि ऑनलाइन बुकिंग करायची वेळ आली. मावळातही एखादं कंदीलपुष्प कुठे दिसलं हे ग्रुपवर पडलं, तर आठवडाभरात त्याच्याभोवतीचं गवत तुडवून सपाट झालेलं असतं. यावर तोडगा असा: पाटी पूर्ण लिहायची, पण सगळ्यांना दाखवायची नाही. घरटं, दुर्मिळ फूल, घुबडाची ढोली यांची नेमकी जागा आपल्या वहीत, जाहीर करताना फक्त 'मावळ तालुका'. ईबर्ड आणि आयनॅचरलिस्ट दोन्हीकडे संवेदनशील जातींची जागा झाकण्याची सोय आहे, तीही याच कारणाने. नोंद करणं आणि जाहिरात करणं या वेगळ्या गोष्टी आहेत.

मी सध्या काय करतो ते सांगतो, पटलं तर घ्या. एका जिवाचे तीन फोटो. पहिला आपला नेहमीचा, देखणा. दुसरा, तो कशावर बसलाय त्या झाडाचा, पान-फूल-शेंग दिसेल असा. तिसरा चार पावलं मागे जाऊन, सगळं फोकसमध्ये ठेवून, मागचा डोंगर किंवा विजेचा खांब दिसेल असा, म्हणजे मावशींना जागा ओळखू यावी. हा तिसरा फोटो दिसायला अत्यंत सामान्य असतो, त्याला कुणीही लाइक देणार नाही, आणि माझ्या मते तो तिघांत महत्त्वाचा असतो. मग त्याच दिवशी, पोह्यांच्या आधी, चार गोष्टी: तारीख, जागा, नाव (माहीत नसेल तर 'माहीत नाही'), आणि काय करत होतं. दहा मिनिटं लागतात. आणि काही दिसलं नाही तर 'काही दिसलं नाही' असं.

याचं पुढे काय करायचं? जैवविविधता कायदा २००२ सालचा. त्याखाली प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि गावाची 'लोक जैवविविधता नोंदवही' असते. गावात कुठली झाडं, पाखरं, रानभाज्या आहेत हे गावाने स्वतः लिहायचं, अशी मूळ कल्पना. आपण शनिवारचे पाहुणे. पण ज्या गावात सहा वर्षं फुकट फोटो काढले त्या गावाच्या वहीसाठी तारीखवार शंभर नोंदी देणं आपल्याला सहज जमेल, आणि त्यांना टाकळ्याचं, कुर्डूचं नाव आपल्याला शिकवणंही. त्याने जेसीबी थांबेल असा भाबडेपणा माझ्यात नाही. मी राहतो ती सोसायटीही कुणाच्या तरी माळावरच उभी आहे, आणि तिथे आधी काय होतं हे मी कधी विचारलं नाही. पण 'इथं होतं तरी काय' या प्रश्नाला लेखी उत्तर असणं आणि नसणं यात फार फरक आहे. उत्तर नसलं की जागा पोटखराबा ठरते.

मागच्या शनिवारी पुन्हा गेलो होतो. पाऊस बऱ्यापैकी झालाय. सपाट केलेल्या कोपऱ्यात अजून बांधकाम नाही, फक्कीच्या रेघा धुऊन गेल्यात, खांब तेवढे उभे आहेत. मोकळ्या झालेल्या मातीत सगळ्यात आधी काय येणार? तण. दोन खांबांच्या मध्ये टाकळा वीतभर वर आलाय आणि त्याच्या बुडाशी घोळ पसरलाय, चांगला हातभर. अर्धा तास बसलो. मग चार पावलं मागे जाऊन, खांबासकट, एकच फोटो काढला. घरी येऊन लिहिलं:

'परंदवडी, माळाचा सपाट केलेला कोपरा. जुलै, शनिवार, सकाळी ८:१०. घोळ, टाकळा. रुई नाही. एगफ्लाय दिसली नाही.'

पुढच्या शनिवारी परत बघतो.